बेगमेच्या हमामात पाणी कुठून यायचं

मुलांनो,

मागच्या आठवड्यात तुमच्यातल्या धाकटीने फोनवर विचारलं, "आजी, तू इतिहास शिकवायचीस ना? मग मला एखाद्या मुघल महालाबद्दल सांग. शाळेत बोलायचं आहे." मी दोन मिनिटं काहीतरी सांगितलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की जे सांगायला हवं होतं ते राहूनच गेलं. ते दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतंच. शिवाय पुढच्या महिन्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचं काही नाही, पण हातातली कामं उरकून ठेवायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे. म्हणून रोज सकाळी चहानंतर तासभर बसून हे लिहून काढलं.

बऱ्हाणपूरचा महाल मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी नागपूरच्या कॉलेजात इतिहास शिकत होते. वहीभर टिपणं काढली आणि परीक्षेत चांगले गुणही मिळवले. दुसऱ्यांदा पाहिला तो तुमच्या पणजोबांबरोबर. त्यांना सहीपुरतंच लिहिता येत होतं. महाल खरा कळला तो त्या वेळी.

तेव्हा आपला गोंदिया जिल्हा नव्हता, भंडारा जिल्ह्यातलं ते एक गाव होतं. भंडारा जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. तुम्हाला हे विचित्र वाटेल. पण त्यामुळे बऱ्हाणपूर आम्हाला परक्या मुलखातलं वाटत नसे, एवढं लक्षात ठेवा.

लग्न होऊन मी आले ते गाव चोरखमाऱ्याच्या बाजूचं. धानाचं गाव, आणि गावाचं स्वतःचं तळं. तळ्याच्या पाळीखालून, म्हणजे बांधाखालून, पाट निघायचा आणि त्याला फाटे फुटत फुटत पाणी प्रत्येकाच्या बांधीत जायचं. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेला धानाचा तुकडा. कोणाच्या बांधीत पाणी कधी सोडायचं आणि कधी बंद करायचं, हे ठरवायचं काम आमच्या घराकडे होतं. ते माझे सासरे, म्हणजे तुमचे पणजोबा, करत. मी त्यांना मामाजी म्हणत असे. त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. पाटातल्या पाण्यावर चिमूटभर कोंडा टाकायचा, तो किती वेगाने चालतो ते पाहायचं आणि त्यावरून पाणी जोरात आहे की मंद, कोणाला किती वेळ द्यायचं, हे सांगायचं. भांडायला आलेली माणसंही त्यांनी कोंडा टाकला की गप्प बसत.

त्या वर्षी पौषात, धान कापून मळून झाल्यावर, मला गोंदियाहून पत्र आलं. तिथल्या मुलींच्या एका शाळेत उन्हाळ्याच्या सुटीनंतर इतिहासाची शिक्षिका हवी होती. येणार असाल तर होळीच्या आत कळवा, असं लिहिलं होतं. तुमचे आजोबा तेव्हा गोंदियाला रेल्वेच्या मालधक्क्यावर काम करत आणि रविवारी गावी येत. मला नोकरी मिळाली तर आम्ही एकत्र राहणार होतो. पण मला मुळात शिकवायचं होतं. शिकायला एवढी वर्षं घालवली आणि आता ते सगळं तांदूळ निवडताना विसरून जाईल, अशी भीती मला रोज वाटायची. आजोबांना पत्र दाखवलं तर ते म्हणाले, "माझी ना नाही. पण बाबांना विचार." म्हणजे सगळं मामाजींवर आलं.

मी दुपारी त्यांची शिदोरी घेऊन पाळीवर गेले. ते गुडघाभर चिखलात उभे राहून पाटाचं तोंड लिंपत होते. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं, "काय लिवलं हाये चिठीत?"

"शाळेत बोलावलं आहे. शिकवायला."

"काय शिकवशीन?"

"इतिहास."

"म्हंजे जुन्या गोष्टी."

"हो. राजे, बादशहा, त्यांनी बांधलेले महाल."

"तू पाह्यला का एखांदा म्हाल?"

त्यांनी विचारलं आणि मी सुरूच झाले. तापीच्या काठावरचा तो किल्ला, त्याचे नदीकडे उतरत गेलेले मजले, आत बेगमेसाठी बांधलेला हमामखाना, त्याचं रंगवलेलं छत, मधोमध आठ कोनांचा हौद. ज्या बेगमेसाठी पुढे आग्र्याला ताजमहाल उभा राहिला, ती इथे राहिली आणि इथेच वारली. बादशहाची दख्खनची फौज इथून हलायची. मी परीक्षेत लिहिलं होतं ते सगळं सांगितलं. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं. चिखलाचा शेवटचा गोळा तोंडावर दाबून बसवला आणि विचारलं, "पानी कोठून येत होतं?"

"खाली नदी आहे ना. तिथून वर ओढत असत."

"कायनं?"

"हत्ती लावून. मोटेने. आमच्या सरांनी सांगितलं होतं."

"नदीपासून किती उंच हाये?"

"दोन ताडांएवढा तरी असेल."

ते पाळीवर येऊन बसले. भाकरीचं फडकं सोडलं नाही. "आता पाय. बादशाची बाई न्हायले बसली. पानी चालू रायलं पायजे का नाई?"

"हो."

"ओढलेलं पानी येते अन् थांबते. येते अन् थांबते. जे पानी आपल्या पायानं चालत येते, तेच चालू रायते. तुह्या सरानं बैल जुपून पाह्यले होते का कधी?"

मी शिदोरी त्यांच्यापुढे सरकवली.

"जे तुले नाई समजलं, ते दुसऱ्याच्या पोरीयले काय सांगशीन? घरात धान हाये. सुनेले कायले धाडून रायले, असं गाव मले विचारन. त्यायले सांगाले माह्यापाशी काईतरी पायजे. ते पानी कोठून आलं ते मले सांग, मंग जाय शाळेत. नाई सांगता आलं तं चिठी फाडून टाक."

मला खूप राग आला. घरी येऊन ट्रंकेतली जुनी वही काढली. कमानींबद्दल दीड पान होतं, छताच्या नक्षीबद्दल एक पान, बादशहाच्या मोहिमांबद्दल दोन. पाण्याबद्दल एकच ओळ सापडली: "पाणी नदीतून वर उचलत." राग हळूहळू उतरला आणि त्या जागी लाज आली. मी त्या हमामात तासभर उभी होते आणि पाण्याचा विचार मनात एकदाही आला नव्हता. हमामात.

वाट काढली ती सासूबाईंनी. त्यांचं ओंकारेश्वरला जाऊन नर्मदेत स्नान करायचं कितीतरी वर्षं राहिलं होतं. ती गाडी बऱ्हाणपूरवरून जाते, हे मी त्यांच्या कानावर घातलं होतं, हे कबूल करते. त्यांनी मामाजींना जेवायला वाढता वाढता सांगितलं, "कोडं तुमी घातलं, तं सोडवालेही तुमीच चला. मले नर्मदामाई दाखवा, तिले बादशाचा म्हाल दाखवा. दोन्ही कामं एकाच तिकिटात."

"अन् घरी कोन रायन?"

"तुमचा भाऊ हाये ना. बाराई महिने तुमीच राखता का घर? तळं कोठं पळून जाऊन रायलं का माघात?"

माघात पाटाला काम नसतं. मामाजींनी तिकिटाचे पैसे काढून ठेवले.

आम्ही गोंदियाहून निघालो, भुसावळला गाडी बदलली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बऱ्हाणपूरला उतरलो. सासूबाईंजवळ पूजेचा पितळी लोटा आणि मुर्रा-फुटाण्यांचं गाठोडं होतं. तुम्ही ज्याला मुरमुरे म्हणता त्याला आपल्याकडे मुर्रा म्हणतात. मामाजींच्या हातात काठी. माझ्या पर्समध्ये शाळेचं पत्र.

आधी मी त्यांना नदीकडून किल्ला दाखवला. खाली तापी, पात्रात काळे खडक, आणि तिथून सरळ वर चढलेली भिंत. भिंतीत मजल्यावर मजले, कमानींच्या रिकाम्या ओळी, मधेच झुडपं उगवलेली. मामाजी मान वर करून बराच वेळ पाहत राहिले. पन्नाशी उलटून गेली तरी दुमजली घरापेक्षा मोठं काही त्यांनी जवळून पाहिलेलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "हे मानसानं केलं." प्रश्न विचारल्यासारखं म्हणाले, पण उत्तर त्यांना नको होतं.

वर दारात खाकी कोट घातलेला एक म्हातारा पहारेकरी बसला होता. सगळे त्याला चाचा म्हणत. बाजूला पाण्याचं मडकं, त्यावर उपडा पेला. तो उठून आमच्यापुढे चालू लागला आणि रोजचं पाठ केलेलं बोलू लागला. किल्ला जुन्या सुलतानांचा, मुघलांनी तो घेतला आणि आपल्या सोयीने वाढवला. इथे दरबार भरायचा, इथे बाग होती, या गच्चीवरून बादशहा हत्तींच्या झुंजी पाहायचा. आता बहुतेक दालनांना छत नव्हतं. मोडक्या भिंतीवर बकऱ्या चढल्या होत्या.

आणि मग त्याने आम्हाला हमामात नेलं.

मी तिथे आधी जाऊन आले होते, तरी आत पाऊल टाकल्यावर नजर पुन्हा वर गेली. बाहेर सगळं उजाड, आणि आत वरचं छत अजून रंगलेलं. घुमटांच्या आतून वेली, फुलं, चांदण्यांसारख्या आकृत्या. लाल, हिरवा, निळा, कुठे सोनेरीची उरलेली रेघ. वरच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी येऊन त्या नक्षीवर पडली होती. खाली मधोमध आठ कोनांचा हौद, कोरडा. त्याच्याभोवती दगडात कोरलेल्या अरुंद नाल्या, एका दालनातून दुसऱ्यात गेलेल्या. एका बाजूला गरम पाण्याची खोली, एका बाजूला गार. भिंती इतक्या जाड की बाहेरच्या बकऱ्यांचा आवाज येत नव्हता. ज्यांनी हे बांधलं त्यांना पाण्यात पडून वर पाहणाऱ्या बाईच्या डोळ्यांना काय दिसेल, याचा विचार करायला वेळ होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. नक्षी उभ्याने पाहण्यासाठी केलेलीच नव्हती. सासूबाईंनी पदर नीट केला, देवळात करतात तसा.

चाचा सांगत होता, "और पानी, माई, नीचे तापी से आता था. हाथी खींचते थे. ऊपर टंकी में डालते थे."

मी मामाजींकडे पाहिलं. ते जागेवर नव्हते.

ते पलीकडच्या दालनात उकिडवे बसले होते, बाह्या वर करून. दोन्ही हातांनी नालीतली माती, पाचोळा आणि कबुतरांची घाण काढून बाजूला ढीग करत होते. बरीच नाली साफ झालीही होती.

चाचा काठी आपटत धावला. "ए बाबा, क्या खोद रहे हो? खजाना नहीं है यहाँ. जो था, सब ले गए."

"खजाना कोन मांगते, भाऊ. नाली साफ करून रायलो."

"किसने बोला साफ करने को?"

"कोनी कायले बोलन? घान नालीत पानी सोडू नये."

चाचा माझ्याकडे वळला. "बेटी, ये क्या बोल रहे हैं? तीन सौ साल से इसमें पानी नहीं आया."

"मंग आज येईन," मामाजी म्हणाले, आणि काम चालू ठेवलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॉलेजची मुलगी असताना आम्हाला सांगितलं होतं, जुन्या वास्तूंना हात लावायचा नाही. आणि इथे माझे सासरे बादशहाच्या हमामात आपल्या पाटातला काढावा तसा गाळ काढायला बसले होते. मी चाचाला शक्य तेवढ्या चांगल्या हिंदीत समजावलं, की हे गावच्या तळ्याचं पाणी वाटतात, यांना कोरडी नाली दिसली की हात थांबत नाही, वाईट वाटून घेऊ नका. चाचाने नालीकडे वाकून पाहिलं. मग तो बाहेर गेला आणि आपलं मडकं उचलून घेऊन आला. "देखें तो सही," तो म्हणाला.

मामाजींनी सासूबाईंपुढे हात केला. "लोटा दे."

"थो पूजेचा लोटा हाये."

"मंग पूजाच होऊन रायली समज. अन् मूठभर मुर्रा दे."

नाली जिथे भिंतीतून निघून दालनात यायची आणि पलीकडे नदीच्या बाजूला जायची, तिथे बरोबर मधोमध त्यांनी लोटा तिरका केला. बारीक धारेने, घाई न करता. दगड आधी पाणी पिऊन काळा झाला. मग पाणी त्याच्यावर उभं राहिलं. मामाजींनी त्यावर पाच-सहा मुर्रे ठेवले. आम्ही चौघं वाकून पाहत होतो. मुर्रे जागच्या जागी थरथरले. चाचाचा श्वास मला ऐकू येत होता.

मग एक मुर्रा हलला. त्याच्यामागे दुसरा. सगळे एका ओळीत निघाले आणि हौदाच्या दिशेने, नदीकडे, चालू लागले.

मामाजींनी आणखी एक लोटा ओतला. मुर्रे हौदाच्या काठापर्यंत गेले आणि एकेक करून आत पडले. तीनशे वर्षांपूर्वी कोणीतरी दगडात एवढा उतार ठेवला होता, की डोळ्यांना दिसू नये आणि पाण्याला कळावा, आणि तो अजून तसाच होता.

"नदीतून आनलेलं पानी नदीकडे कायले चालन?" मामाजी म्हणाले. ते उठून उलट्या बाजूच्या भिंतीपाशी गेले. चुना जिथे पडला होता तिथे बोट घातलं. आत भाजलेल्या मातीच्या नळाचं तोंड होतं. त्याला कान लावून ते थोडा वेळ उभे राहिले. "इथून आलं. डोंगराकडून. सूनबाई, आता सांग."

"पाणी डोंगराकडून आलं."

"कोन्या डोंगरातून? किती लांबून? कोनी आनलं?"

मला माहीत नव्हतं. चाचालाही माहीत नव्हतं. तो हौदाच्या काठावर बसला. "तीस साल से बोल रहा हूँ हाथी खींचते थे," तो म्हणाला. "मेरे उस्ताद ने यही बताया था."

"माह्या सुनेच्या सरानंही हेच सांगतलं होतं," मामाजी म्हणाले. "तू एकटा नाई."

आम्ही बाहेर आलो. दाराशी आमचा टांगेवाला घोड्याला चारा घालत होता. चाचाने त्याला हाक मारून विचारलं, महालात पाणी कुठून यायचं असेल. टांगेवाला हसला. "कुंडी भंडारे का होगा, चाचा. और कहाँ का? अपन सब वही तो पीते हैं."

"तूने कभी बताया नहीं."

"तुमने कभी पूछा?"

चाचाने आपल्या रिकाम्या मडक्याकडे पाहिलं. ते पाणीही कुंडी भंडारा नावाच्या, त्या शहराच्या जुन्या पाणवठ्याचंच होतं. तीस वर्षं तो उत्तर शेजारी ठेवून बसला होता, आणि ते आत्ताच आम्ही हमामात ओतून आलो होतो.

निघण्याआधी त्याने आम्हाला गच्चीवर नेलं. नदीच्या पलीकडे झाडीत एक जुनं बांधकाम दिसत होतं. ती बादशहाची हरणांची शिकारबाग, आहुखाना. बेगम वारली तेव्हा तिला आधी तिथल्या बागेत पुरलं होतं, मग आग्र्याला नेलं.

सासूबाईंनी गाठोडं खाली ठेवलं. त्यांनी मला विचारलं, "कायनं मेली थे?"

"बाळंतपणात."

"कितवं?"

"चौदावं."

सासूबाईंना आठ झाली होती आणि तीन जगली. त्या पलीकडच्या झाडीकडे पाहत म्हणाल्या, "डोंगरातून पानी आनता आलं त्यायले. एक चांगली सुईन नाई आनता आली." आणि गाठोडं उचलून पायऱ्या उतरू लागल्या. इतिहासाच्या वर्गात मी पुढे कितीतरी वर्षं त्या बेगमेबद्दल बोलले. याहून नेमकं काही मला कधी सुचलं नाही.

टांग्याने आम्ही गावाबाहेर कुंडी भंडाऱ्याला गेलो. पाहिलं तर काहीच नाही: मोकळं रान, थोडी झुडपं, आणि जमिनीतून वर आलेली विटांची गोल तोंडं, एकापुढे एक, सरळ ओळीत, सातपुड्याच्या दिशेने. टांगेवाला म्हणाला, "देखो अंदर." मी पहिल्या तोंडातून वाकून पाहिलं. खूप खोल काळोख होता आणि त्या काळोखातून वाहत्या पाण्याचा आवाज वर येत होता. विहिरीचं पाणी बोलत नाही. हे बोलत होतं.

मामाजी पालथे झोपले आणि त्यांनी मान आत घातली. सासूबाईंनी मागून त्यांचं धोतर धरून ठेवलं.

टांगेवाल्याने त्याला माहीत होतं ते सांगितलं. बाकीचं मी नंतर गोंदियाला एका जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये वाचलं. सगळं छापलेलं होतं, फक्त मी उघडलं नव्हतं. मुघलांच्या एका सुभेदाराने इराणकडचा जमिनीचा जाणकार बोलावला होता. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालून तापीकडे जातं, हे त्याने ओळखलं. ते अडवून एका भुयारातून वळवलं. भुयार खणायला आणि त्यात हवा जायला ही तोंडं ठेवली. तिथून पाणी आपल्या पायाने चालत शहरात आलं, आणि महालातही.

मामाजी उठले. त्यांच्या मिशीला माती लागली होती. दुसऱ्या तोंडाकडे गेले, तिसऱ्याकडे, चौथ्याकडे, प्रत्येक ठिकाणी वाकून ऐकत. आम्ही मागे थांबलो. परत आले तेव्हा पायातल्या वहाणा त्यांच्या हातात होत्या.

"आपलंच काम हाये हे," ते म्हणाले. "पन मी वर उजेडात करतो. चुकलं तं दिसते, मातीचा गोळा लावतो. यायनं खाली अंधारात उतार कसा धरला असन? मुर्रा टाकाले तिथं कोन होतं?"

मला ते सांगता आलं नाही, आणि या वेळी त्यांनी सांगायलाही लावलं नाही. ज्या माणसाला मी कधी कोणापुढे वाकताना पाहिलं नव्हतं, तो त्या उघड्या रानात विटांच्या एका तोंडाला हात जोडून उभा होता.

ओंकारेश्वरला सासूबाईंचं स्नान झालं. लोटा नर्मदेच्या पाण्याने भरला, त्याआधी तो तीनदा घासला. परत येताना भुसावळला दुपारी फलाटावर नागपूरच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. मामाजी म्हणाले, "चिठी आनली का?"

मी पर्समधून काढली.

"लिव, येतो म्हून."

मी लगेच पेन काढलं नाही. "मामाजी, परीक्षेत मी नदीतून म्हणून लिहिलं होतं. त्याचेही गुण मिळाले."

"मंग पोरीयले पह्यल्या दिवशी तेच सांगजो. का मी चुकली होती, अन् मंग पाह्याले गेली."

"आणि गावाला काय सांगाल?"

त्यांनी हातातली काठी मांडीवर आडवी ठेवली. "सांगीन का सून पानी शिकवाले जाते. पान्याचं काम आपल्या घरी पयल्यापासूनच हाये."

सासूबाई हसल्या. मी गुडघ्यावर वही ठेवून उत्तर लिहिलं आणि तिथल्याच टपालपेटीत टाकलं. होळीला तेव्हा बारा-तेरा दिवस होते.

मी त्या शाळेत तुमचे वडील कॉलेजात जाईपर्यंत शिकवलं, आणि त्यानंतरही. दर वर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर त्या हमामाचा नकाशा काढत असे आणि मुलींना विचारत असे, पाणी कुठून आलं असेल. बहुतेक जणी नदी म्हणत. मग मी माझ्या चुकीची गोष्ट सांगत असे. एका वर्षी मागच्या बाकावरची एक शेतकऱ्याची मुलगी उठून म्हणाली, "बाई, आधी उतार कोन्या बाजूले हाये ते सांगा." मी तो खडू तिच्या हातात दिला.

मामाजी त्या प्रवासानंतर आणखी अकरा वर्षं पाणी वाटत होते. त्यांनी बऱ्हाणपूरबद्दल गावात फारसं सांगितलं नाही. पण पाटाची तोंडं लिंपताना ते कधीकधी थांबायचे आणि जमिनीला कान लावायचे. विचारलं तर म्हणायचे, "काई नाई."

हमाम अजून आहे. छताची नक्षी काही ठिकाणी गेली आहे, बरीच शिल्लक आहे. कुंडी भंडाऱ्यात पाणी अजून वाहतं. गावचं तळं आहे, पाट अर्धा बुजला आहे. ती शाळा आहे. लोटा माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहे.